कावीळ कुणाकडून आली?

४ मार्च, सोमवार

मी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. आजही चढला. शेवटी लेकीने तिची कोरी डायरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आई, यात ओरड." बरं, ओरडते.

आज दवाखान्यात मला सुई टोचली. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, आणि सुई होती पेशंटला भूल द्यायला वापरलेली. आमचे डॉक्टर प्रत्येकाला "दुखत नाही हं, अजिबात दुखत नाही" म्हणतात, म्हणून लोकांनी त्यांचं नावच दुखतनाही पाडलंय. पेशंटला सुई दिसू नये म्हणून हे महाशय ती ट्रेमध्ये कापडाच्या घडीखाली लपवतात. टोचून झाली की परत घडीखाली. पेशंट हसत घरी जातो. ट्रे उचलते कोण? मी! घडी उचलली आणि सुई हातमोजा फाडून थेट बोटात. रक्त आलं.

"साबणाने धुवा, काही होत नाही," दुखतनाही म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण चेहरा एकदम उतरला. तो पेशंट, शाळामास्तर आहे बिचारा, त्याने खुर्चीत बसायच्या आधीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मला हिपॅटायटिस बी आहे, रक्तातून पसरणारी कावीळ, जरा जपून.

"मला का नाही सांगितलंत?"

"राहून गेलं हो."

राहून गेलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर हे तोंड वर करून मलाच विचारतात, "तुमची लस झालीये ना?" म्हटलं, दोन झाल्या, तिसरीला तुम्ही 'बघू' म्हणालात, ते अजून बघताय.

घरी आल्यावर आईला सांगितलं. माझी आई माझ्याकडेच असते. ती नुसती हात खाजवत ऐकत होती. एवढं रामायण सांगितलं तर म्हणते, "बोटाला पट्टी बांध." कुणाला काही पडलेली नाही.

५ मार्च, मंगळवार

सकाळीच मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा लहान आणि बोलायला वरिष्ठ. म्हणाल्या, कालच यायला हवं होतं, अंगात प्रतिकारशक्ती नसेल तर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन आणि लस लवकरात लवकर द्यावी लागते. रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट घेऊन परत माझ्याकडे या म्हणाल्या.

दुपारी रिपोर्ट हातात आला. तीन ओळी होत्या. पहिली निगेटिव्ह. दुसरी पॉझिटिव्ह. तिसरी पॉझिटिव्ह. एक नाही, दोन-दोन पॉझिटिव्ह! काल टोचली आणि आज रोग अंगात! डॉक्टरबाईंकडे जायचं होतं, पण पाय आपोआप आमच्या दवाखान्याकडे वळले. दुखतनाही एका आजोबांच्या तोंडात आरसा घालून बसले होते. आजोबा आ वासूनच होते, ते तसेच राहिले. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर मी रिपोर्ट नाचवला आणि सांगितलं, "या माणसाने मला रोग दिला. सुई घडीखाली लपवतो हा!" दोन पेशंट उठून गेले. जाऊ देत.

शेवटी आमचे हे आले आणि मला धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. ह्यांचा स्वभाव गरीब. वाटेत एवढंच म्हणाले, "आधी विचारून तरी घेऊ."

डॉक्टरबाईंनी आधी मला झापलं. मग पेन घेऊन एकेका ओळीवर टेकवत समजावलं. पहिली ओळ म्हणजे विषाणू स्वतः रक्तात आहे का. तो नाही. दुसरी म्हणजे त्याच्यापासून रक्षण करणाऱ्या अँटिबॉडी. त्या आहेत, भरपूर आहेत, त्यामुळे इथे पॉझिटिव्ह आलं तर आनंद मानायचा. "आणि काल टोचलेलं आज रिपोर्टात दिसत नसतं बाई, त्याला आठवडे लागतात. तुम्हाला आता इंजेक्शनही नको. कालच्या सुईपासून तुम्ही सुरक्षित आहात."

जिवात जीव आला. म्हटलं, म्हणजे दोन लशी तरी कामी आल्या.

"ते तिसऱ्या ओळीवर ठरतं," त्या म्हणाल्या. "ही अँटिबॉडी लशीने येत नाही. खरा विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला असेल तरच येते. तुम्हाला हा आजार पूर्वी होऊन गेलाय. लहानपणीही झाला असेल. तुमच्या शरीराने तो परतवला. पुढे कधी कॅन्सरचं वगैरे औषध घ्यायची वेळ आली तर मात्र हे डॉक्टरांना सांगायचं."

मला? कावीळ? कधी? माझे डोळे जन्मात पिवळे झाले नाहीत! त्या म्हणाल्या, पुष्कळांना कळतही नाही. आणि म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.

६ मार्च, बुधवार

दुखतनाहींना खरं काय ते सांगितलं. वाटलं, निदान चेहरा पाडतील. चक्क हसले. "म्हणजे आमच्याकडून नाही तर! बघा, उगाच माझ्यावर घसरलात."

उगाच? मला आधी होऊन गेला होता म्हणून वाचले. नसता होऊन गेला तर? माझ्याजागी नवी मुलगी असती तर? हे सगळं विचारलं. ते म्हणाले, सुई दिसली की पेशंट बिथरतो, धंद्याचं गणित तुम्हाला कळायचं नाही. म्हटलं, बरं, मग आजपासून ज्याने टोचली त्याने सुई डब्यात टाकायची, त्याशिवाय मी ट्रेला हात लावणार नाही. दिवसभर ट्रे साठत गेले. संध्याकाळी साहेबांनी स्वतः उचलले. उचलताना असे फूत्कार टाकत होते की विचारू नका.

८ मार्च, शुक्रवार

तर मग आला कुणाकडून? दोन दिवस डोक्यात हेच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला जातो, नवरा-बायकोत पसरतो. एका ताटात जेवून किंवा हात धरून नाही. नवरा-बायको म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. आमचे हे लग्नाआधी चार वर्षं परगावी एकटे राहत होते. तिथे काय दिवे लावले, देव जाणे.

काल जेवताना सरळ विचारलं. लेक होती, आई होती, तरी विचारलं. ह्यांचा घास हातातच राहिला. "मी? तिथे मी आणि दोन मित्र मिळून एका खोलीत राहायचो, आणि स्वयंपाकाला पाळी होती," असं काहीतरी बोलायला लागले. म्हटलं, स्वयंपाकाचं कोण विचारतंय?

आज त्यांची तपासणी झाली. तिन्ही ओळी निगेटिव्ह. मी आपलं म्हटलं, वा, हे सुटले. तर डॉक्टरबाई म्हणतात, "तुमच्या दोन पॉझिटिव्हपेक्षा मला यांच्या तीन निगेटिव्हची काळजी जास्त आहे. यांना आजार कधी झाला नाही, पण संरक्षणही नाही. यांना लस द्या." लेकीला जन्मल्यावरच दिलेली आहे. ह्यांना आज पहिली टोचली. दंड चोळत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं समाधान?"

मला खरंच वाईट वाटलं. पण माझं कुठे चुकलं? विचारायला नको का?

आई आजही अर्ध्या ताटावरून उठली. तोंडाला चव नाही म्हणे. मी एवढी राबून करते आणि हिला चव नाही.

१२ मार्च, मंगळवार

माझा विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पदरमोड करून परत रक्त दिलं. जसंच्या तसं आलं. आता मात्र मानायला हवं. होऊन गेलाय.

डॉक्टरबाईंनी तो रिपोर्ट बघून विचारलं, "माहेरी कुणाला लिव्हरचं काही?"

म्हटलं, माझा मामा लिव्हरनेच गेला. पण त्याचं कारण वेगळं. तो प्यायचा.

हा मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. मी तेव्हा कॉलेजात होते. त्याचे डोळे पिवळे झाले, पोट पाण्याने फुगलं. आईने पाहिल्याबरोबर सांगितलं की हा पितो. आणि आईला कळणार नाही तर कुणाला? माझे वडील पिऊन पिऊनच गेले, तिने ते सगळं जवळून भोगलेलं. मामी म्हणायची, हे थेंबालाही शिवत नाहीत. पण आईचा शब्द म्हणजे शेवटचा. नातेवाइकांत झालं, शेजारीपाजारी झालं, शेवटी शाळेपर्यंत गेलं आणि त्यांनी त्याला बसवरून उतरवलं. दुसऱ्या वर्षी गेला. आई शेवटचं बघायलाही गेली नाही.

मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या आईंना लवकरात लवकर घेऊन या." आईचं काय मध्येच? विचारलं तर म्हणाल्या, घेऊन या.

१३ मार्च, बुधवार

आई नाही म्हणते.

"मला काही झालेलं नाही."

"अगं नुसतं रक्त द्यायचंय."

"कसलं रक्त?"

"लिव्हरचं. डॉक्टरबाई मामाबद्दल विचारत होत्या, मग म्हणाल्या आईला आणा."

तिने हातातली भाजीची सुरी ताटात अशी ठेवली की ताट वाजलं. "लिव्हरचं नाव काढलं की लोक काय समजतात, माहीत आहे ना तुला? माझ्याबद्दल तसं बोललेलं मला चालणार नाही." आणि आत जाऊन पडली.

काय म्हणावं या बाईला! सत्तरीच्या बाईला कोण दारुडी म्हणणार आहे? देवळाच्या पायरीवरही हिला कुणी वावगं बोललेलं नाही. आता नसती भीती घेऊन बसली आहे आणि मी घसा फोडते आहे. ह्यांनी समजावलं, लेकीने समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी चिडून म्हटलं, तुझ्या हट्टापायी माझं डोकं फुटेल एक दिवस.

१७ मार्च, रविवार

चार दिवस अबोला. आज मी कपडे वाळत घालत होते तर आई मागे येऊन उभी राहिली. पाय सुजलेत, चपलेत मावत नाहीत, म्हणून अनवाणीच.

"तुला ते झालं तेव्हा तू लहान होतीस म्हणाल्या ना डॉक्टरबाई?"

"बहुतेक."

"किती लहान?"

"आई, ते कुणाला ठाऊक? असेन पाच-सात वर्षांची."

"म्हणजे तू तर काही प्यायली नव्हतीस."

मला हसूच आलं. म्हटलं, पाच वर्षांची पोर काय पिणार, दूध? ती हसली नाही. दोरीवरच्या चादरीची सुरकुती तिने हाताने सारखी केली. मग म्हणाली, "उद्या जाऊ आपण."

एवढी भांडले तेव्हा ढिम्म आणि आज अचानक तयार. या घरात माझ्या ओरडण्याला काही किंमत नाही हेच खरं.

२२ मार्च, शुक्रवार

काय लिहू. आईची पहिलीच ओळ पॉझिटिव्ह. विषाणू आहे, रक्तात आहे, कैक वर्षांपासून असणार. सोनोग्राफी झाली, आणखी रक्त झालं. लिव्हरवर व्रण पडलेत. हात खाजणं, पाय सुजणं, तोंडाची चव जाणं, सगळं त्याचंच. आणि मी त्याला नाटकं म्हणत होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "उशीर झालाय, पण फार उशीर नाही. रोज एक गोळी, ती कधी आपल्या मनाने सोडायची नाही, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. पुष्कळ सावरता येतं." तुम्हाला यांच्याकडूनच लहानपणी मिळालं असावं, असंही मला म्हणाल्या.

मी प्रश्नांचा भडिमार केला. पथ्य काय, धोका किती, आधी का कळलं नाही, इतक्या डॉक्टरांनी इतकी वर्षं हिला नुसत्या ताकदीच्या गोळ्या कशा दिल्या? माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. मी दम घ्यायला थांबले तेव्हा आईने विचारलं, "डॉक्टर, हे दारूशिवाय होतं?"

"हो. तुम्ही कधी घेतलीत का?"

"नाही. पण डोळे पिवळे? पोटात पाणी? तेसुद्धा दारूशिवाय?"

"हो आजी. असंच्या असं होऊ शकतं."

"माझ्या भावाला तसं झालं होतं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तुम्ही सख्खी भावंडं, आणि हा आजार आईकडून बाळाला जातो. तुम्हा दोघांनाही तुमच्या आईकडूनच आला असण्याची शक्यता खूप आहे. त्यांच्या मुलांची तपासणी व्हायला हवी."

आईने मान हलवली. घरी आल्यावर मी गोळी पुढे केली, तिने घेतली, आणि म्हणाली, "मला वहिनीकडे सोड."

"आत्ता? आधी जेव."

"उद्या सोड मग. पण सोड."

२३ मार्च, शनिवार

मामीकडे जाऊन आलो. इतक्या वर्षांनी.

मामी दुसऱ्या मजल्यावर राहते. घरी पडदे शिवते. दार उघडलं तेव्हा गळ्यात टेप होती आणि तोंडात टाचण्या. आईला बघून तिने टाचण्या एकेक करून काढल्या आणि पोलक्याच्या बाहीला टोचल्या. या म्हणाली नाही. आम्ही दारातच उभ्या. पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हातारी बाई जिने चढून आली आहे, धापा टाकते आहे, काही माणुसकी?

मामेभाऊ मागे आला. मी त्याला तपासणीचं समजावून सांगितलं, डॉक्टरबाईंचं नाव दिलं. तो बरा वागला. सोमवारी जातो म्हणाला.

मग आई बोलली. दाराची चौकट धरून. "वहिनी, मला तोच रोग निघाला. दादाचा. दारूशिवाय होतो तो. दादा पीत नव्हता."

मला वाटलं, मामी आता रडेल, किंवा आईच्या गळ्यात पडेल. कुणाला नाही वाटणार? मामी म्हणाली, "हे मला सांगायला आलात, वन्सं?"

मामीने गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली.

"रोज त्यांच्या शेजारी झोपत होते मी. मला वास आला नसता? तुमच्या पाया पडून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बायका नवऱ्याला पाठीशी घालतातच, मीही घातलं होतं. आणि सगळ्यांनी तुमचं खरं धरलं. बस गेली. त्यानंतर खाली जायचे नाहीत ते. मुलं ड्रायव्हरकाका म्हणून हाक मारायची, त्यांना त्यांच्या आया आत ओढून न्यायच्या. ते पीत नव्हते, हे मला काय नवीन सांगता?"

मी मध्ये पडले. माझ्याने राहवेना. म्हटलं, मामी, ती आजारी आहे, स्वतःहून आली आहे, एवढं तरी बघ. मामीने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मला नका सांगू. तेव्हा ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा. दारोदार सांगितलंत ना, तसंच."

आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हटलं, चल आई, ही बाई बदललेली नाही, आपण आपलं कर्तव्य केलं. तिचा हात धरून मी जिन्याकडे ओढलं. ती हलेना. समोरच्या दाराकडे बघत होती. तिथे अजून मामाच्या वेळचीच वकीलबाई राहते, पाटीवर तिचंच नाव.

"आई, आज नको. पाय बघ केवढे सुजलेत. बरं वाटलं की येऊ परत."

"तेव्हा सांगत फिरले," आई म्हणाली, "तेव्हा पाय दुखले नव्हते माझे."

आणि तिने वकीलबाईंच्या दाराची बेल दाबली.